टुंग्रोचे दोन विषाणू, आणि भारतातला आरटीबीव्ही वेगळ्या गटात का?

रोवणी_भंडारा

नमस्कार सगळ्यांना. मी भंडाऱ्याची, घरी धानाचीच शेती, सध्या तमिळनाडूत प्लांट पॅथॉलॉजीमध्ये एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्टला भातावरचा टुंग्रो रोग मिळालाय. गाइडनी सांगितलं की आधी वेगवेगळ्या ठिकाणच्या आयसोलेटमधला (म्हणजे एकेका ठिकाणाहून वेगळ्या काढलेल्या विषाणूच्या नमुन्यांमधला) फरक नीट समजून घे, त्यांचं वर्गीकरण वाच, मग प्रयोगाला हात लाव. वाचायला घेतलं आणि जितकं वाचतेय तितका गुंता वाढतोय. इंग्रजीतलं पाठ होतं पण मराठीत कुणाला समजावता आलं नाही तर मला ते कळलंच नाही असं मी समजते, म्हणून इथे विचारतेय.

एक तर रोग एकच आणि विषाणू दोन, तेही एकाच घराण्यातले नाहीत, एक डीएनएवाला एक आरएनएवाला, हे कसं काय जमतं? दुसरं म्हणजे त्यातल्या डीएनएवाल्या आरटीबीव्हीचे (राइस टुंग्रो बॅसिलिफॉर्म व्हायरस) दक्षिण आशियाई आणि आग्नेय आशियाई असे दोन गट सगळीकडे दिलेले असतात, मग एवढा फरक असेल तर त्यांना एकच प्रजाती का म्हणतात?

आणि तिसरी माझी खरी अडचण. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका शेतातून सात चुडांची (भाताच्या झुबक्यांची) पानं आणली होती, पिवळी-नारिंगी, झाडं खुजी, अगदी पुस्तकातल्या फोटोसारखी. डीएनए काढला, एका जुन्या पेपरात दिलेले प्रायमर (विषाणूच्या डीएनएला जुळून चिकटणारे छोटे तुकडे) मागवले, पीसीआर केला (दोन प्रायमरमधल्या डीएनएच्या असंख्य प्रती काढल्या) आणि सातपैकी एकातही बँड, म्हणजे जेलवर दिसणारी त्या प्रतींची रेघ, आला नाही. दोनदा केलं. डीएनए चांगला आहे, भाताच्या जीनचा कंट्रोल बँड येतोय. आता पानं चुकीची आणली की प्रायमर चुकीचे की मीच चुकले काही कळत नाहीये, आणि हंगाम संपत आलाय.

पानावरचा_डाग

ताई, आधी तिसऱ्याचं थोडक्यात सांगतो कारण हंगाम थांबणार नाही: तो जुना पेपर फिलिपिन्सच्या आयसोलेटवरचा आहे का ते बघा. असेल तर तुमची पानं बरोबर असूनही बँड न येणं अगदी शक्य आहे. कारण पुढे लिहितो.

टुंग्रो हे विषाणूचं नाव नाहीच, ते रोगाचं नाव आहे, फिलिपिन्समधल्या स्थानिक बोलीतून आलेलं, अर्थ साधारण वाढ बिघडणं, खुंटणं. हा रोग हिरव्या तुडतुड्यांमुळे पसरतो हे १९६५ च्या सुमारास लॉस बान्योसला इरीमध्ये (आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत) दाखवलं गेलं, तेव्हा सगळ्यांना वाटत होतं विषाणू एकच असणार. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकाच झाडात दोन प्रकारचे कण दिसायला लागले, एक लांबुळका, कॅप्सूलच्या गोळीसारखा, आणि एक गोल, ३० नॅनोमीटरच्या आसपासचा. लांबुळका तो आरटीबीव्ही, गोल तो आरटीएसव्ही (राइस टुंग्रो स्फेरिकल व्हायरस).

आता दोघांची कामं बघा. झाड पिवळं पडणं, खुजं राहणं, फुटवे कमी येणं ही बहुतेक करणी आरटीबीव्हीची. पण तो एकटा असेल तर तुडतुड्याबरोबर दुसऱ्या झाडावर जाऊच शकत नाही. आरटीएसव्ही एकटा असेल तर झाडावर जवळजवळ काही दिसत नाही, पण तुडतुडा त्याला आरामात उचलतो, आणि ज्या तुडतुड्याने आधी आरटीएसव्ही घेतलाय त्यालाच आरटीबीव्ही पण नेता येतो. म्हणजे एकाकडे रोग आहे पण पाय नाहीत आणि दुसऱ्याकडे पाय आहेत पण रोग नाही, दोघं एका झाडात भेटले की टुंग्रो.

घराणी तर इतकी लांबची आहेत की बस. आरटीबीव्हीचा जीनोम गोल, दुपदरी डीएनए, साधारण ८ हजार अक्षरांचा (अक्षरं म्हणजे डीएनए-आरएनएचे सुटे घटक), आणि तो आपली प्रत आरएनएवरून उलट्या दिशेने डीएनए बनवून काढतो, माणसातला हिपॅटायटिस बी चा विषाणू करतो तसं. कुळ कॉलिमोव्हिरिडी, वंश टुंग्रोव्हायरस. आरटीएसव्ही एकपदरी आरएनएचा, १२ हजारांच्या वर अक्षरं, कुळ सेकोव्हिरिडी, वंश वाइकाव्हायरस. हे वाइका नाव जपानी आहे, बुटकं होणं असा अर्थ. १९७० च्या दशकात क्युशू बेटावर भात खुजं राहायला लागलं, तिथे सापडलेल्या विषाणूला वाइका म्हटलं आणि नंतर कळलं की हा टुंग्रोमधलाच गोल विषाणू, फक्त सोबत लांबुळका नाही म्हणून पिवळेपणा नाही. मला हे उदाहरण फार आवडतं, दोन विषाणू खरंच वेगळे आहेत हे त्या बेटावरच्या शेतांनी आपोआप दाखवून दिलं.

म्हणून तुमचा पुढचा मुद्दा, तुम्ही फक्त डीएनए काढलाय म्हणजे फक्त आरटीबीव्ही शोधताय. आरटीएसव्हीसाठी आरएनए काढून सीडीएनए (आरएनएवरून काढलेली डीएनए प्रत) बनवावा लागेल. पानं उणे ८० ला ठेवली असतील तर अजून वेळ गेलेली नाही.

आता प्रायमर. १९९१ मध्ये आरटीबीव्हीचे पूर्ण जीनोम पहिल्यांदा छापले गेले ते फिलिपिन्सचे, त्यामुळे त्या काळातले बरेचसे प्रायमर त्यावरून बनलेत. १९९६ मध्ये भारत, बांगलादेश, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड, फिलिपिन्स अशा ठिकाणच्या आयसोलेटची तुलना झाली तेव्हा दोन ठळक गट पडले, भारत-बांगलादेश एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे. आपल्याकडच्या गटात जीन्सच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात ६४ अक्षरं गायबच आहेत. आणि गायब नसलेल्या भागातही फरक भरपूर. २००२ मध्ये पश्चिम बंगाल आणि आंध्रच्या आयसोलेटचे पूर्ण जीनोम आले, ते दोघं एकमेकांशी खूप जुळतात, हजारभर किलोमीटरचं अंतर असून, पण फिलिपिन्सच्याशी तुलना केली की दर पाच अक्षरांमागे एकाच्या आसपास वेगळं निघतं. प्रायमर वीस-बावीस अक्षरांचा असतो, त्यात तीन-चार ठिकाणी न जुळणं, त्यातही शेवटच्या टोकाला न जुळणं, म्हणजे बँड गेलाच.

दोन्ही गटांचे सीक्वेन्स शेजारी लावा, जिथे सगळे सारखे आहेत तिथले प्रायमर घ्या, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचा (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एंझाइमचा) भाग त्यातल्या त्यात स्थिर आहे.

बांधावरचे_काका

पोरी, मी शेतीखात्यात ३१ वर्षं काढली, रायगडात आणि नंतर रत्नागिरीत. लॅबमधलं मला फार सांगता येणार नाही पण पिवळं भात पाहून टुंग्रो म्हणायची घाई करू नकोस, ही घाई आम्हीही केलेली आहे. जस्त कमी पडलं की खैरा होतो, पानावर तांबूस-तपकिरी ठिपके येतात, रोप खुजं राहतं, लांबून सारखंच दिसतं. नत्र कमी पडलं तरी पिवळं. खाचरात पाणी तुंबून मुळं कुजली तरी पिवळं. फरक एवढाच की खतापाण्याचा दोष असेल तर पट्टेच्या पट्टे सारखे दिसतात, आणि टुंग्रो असेल तर हिरव्यागार भातात मध्येच एखादा चूड पिवळा, त्याच्या शेजारचा बरा, पुढे चार चूड सोडून परत पिवळा, असं ठिपक्या-ठिपक्याने सुरू होतं कारण तुडतुडा उडत उडत बसतो.

आणि हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. इंडोनेशियात मेंतेक म्हणून भाताचा रोग एकोणिसाव्या शतकापासून लोकांना माहीत होता आणि कित्येक दशकं तो जमिनीचा दोष समजला गेला. मलेशियात त्याला पेन्याकित मेराह म्हणायचे म्हणजे लाल रोग, तोही मातीचाच दोष समजायचे. १९६० च्या दशकात कळलं की हा विषाणू आहे. म्हणजे शेतकऱ्यांनी रोग अचूक ओळखला होता, नावही दिलं होतं, कारण तेवढं नंतर सापडलं.

एक जुनी आयोडीनची चाचणी आहे ती कर. अगदी पहाटे, उजाडायच्या आत पानांचे शेंडे तोडायचे, रात्रभरात निरोगी पानातली पिठूळ साखर म्हणजे स्टार्च उतरून गेलेला असतो, टुंग्रोच्या पानात तो तुंबून राहतो. आयोडीनच्या पाण्यात बुडवलं की टुंग्रोच्या पानावर काळपट निळ्या रेघा येतात. दुपारी तोडलेल्या पानावर ही चाचणी करू नकोस, सगळीच पानं निळी होतील. ही पक्की परीक्षा नव्हे, पण कुठला चूड लॅबला न्यायचा हे ठरवायला उपयोगी.

सडक_अर्जुनी_धानवाला

गोंदिया जिल्ह्यातून. विषय चालूच आहे तर विचारतो, २०२२ ला पंजाब-हरियाणात धान खुजं राहिलं म्हणून बातम्या होत्या, ते हेच का? आमच्याकडे यंदा बांधीत काही चूड वाढलेच नाहीत, लोक व्हॉट्सअपवर तेच व्हिडिओ पाठवतायत आणि औषधवाला काहीही विकतोय.

पानावरचा_डाग

नाही दादा, तो वेगळाच. पंजाबात २०२२ ला सापडला त्याचं नाव सदर्न राइस ब्लॅक-स्ट्रीक्ड ड्वार्फ व्हायरस, तो पहिल्यांदा दक्षिण चीनमध्ये ग्वांगडाँगला २००१ मध्ये दिसला, मग २००९-१० च्या आसपास व्हिएतनाममध्ये मोठा फटका बसला. तो फिजीव्हायरस वंशातला, त्याचा जीनोम दुपदरी आरएनएच्या १० तुकड्यांचा, आणि त्याला नेतो पांढऱ्या पाठीचा तुडतुडा, हिरवा नाही. त्यात झाड खुजं होतं पण पानं पिवळी पडत नाहीत, उलट गडद हिरवी राहतात. पंजाबात लवकर लावणी केलेल्या शेतांवर जास्त दिसला होता.

तुमच्याकडचे चूड कुठल्या रंगाचे आहेत, खुजे आहेत की नुसते अशक्त, मुळं कशी आहेत, ते बघून दोन-चार चूड मुळासकट उपटून कृषी विज्ञान केंद्रात न्या. विषाणू असेल तर झाडाला बरं करणारं कुठलंही औषध बाजारात नाही, जे विकतायत ते फार तर तुडतुडे मारतं. पैसे घालवायच्या आधी तुडतुडे आहेत का ते चूड हलवून पाण्यावर बघा.

जनुकवाचक_पुणे

मी सीक्वेन्सच्या विश्लेषणात काम करतो, शेतातलं कमी कळतं. दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

विषाणूत प्रजाती कुठे संपते ही रेघ निसर्गाने मारलेली नसते, आंतरराष्ट्रीय समिती वंशागणिक ती ठरवते. आरटीबीव्हीचे जवळचे नातेवाईक म्हणजे बॅडनाव्हायरस, केळीचा स्ट्रीक, कोकोचा सुजलेल्या फांद्यांचा वगैरे, तिथे नियम असा की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि आरएनेज-एच च्या भागात २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर वेगळी प्रजाती. आता गंमत बघा, डागभाऊंनी सांगितलेला पाचात एक हा फरक पूर्ण जीनोमचा आहे, त्यात मोकळा पट्टा आणि पटपट बदलणारे भाग येतात, तर जो भाग नियमासाठी मोजायचा तो सगळ्यात हळू बदलणारा. म्हणून पूर्ण जीनोमवर वेगळे वाटणारे दोन गट त्या भागावर मात्र जवळचे निघतात. शिवाय यजमान तोच, वाहक तोच, रोग तोच, जीन्सची मांडणी तीच चार ओआरएफची (ओआरएफ म्हणजे प्रोटीनचा संकेत असलेला पट्टा). त्यातला चौथा ओआरएफ, ज्याच्या आरएनएमधला प्रचंड तुकडा कापून उरलेली टोकं जोडली जातात, तो बॅडनाव्हायरसमध्ये नाहीच, आणि म्हणून तर टुंग्रोव्हायरस हा वेगळा वंश केलाय. म्हणजे वंश वेगळा करायला जीन्सची मांडणी वापरली आणि प्रजाती वेगळी करायला टक्केवारी, दोन वेगळ्या फूटपट्ट्या. हे लक्षात आलं की बराच गुंता सुटतो.

दुसरं, सेमिनारमध्ये एकाच जीनचं झाड काढून हा गट तो गट असं ठामपणे सांगू नका. तुम्ही कन्याकुमारीची पानं आणलीत ना, तिथल्याच आयसोलेटचा पूर्ण जीनोम २०११ मध्ये छापून आलाय आणि त्यात रिकॉम्बिनेशनच्या खुणा आहेत, म्हणजे दोन वेगळ्या वंशावळींचे तुकडे जोडले गेलेत. अशा विषाणूचं एका ओआरएफवरून झाड काढलं तर एक नातं दिसतं आणि दुसऱ्यावरून दुसरं. उलट प्रती बनवणाऱ्या विषाणूंत हे सहज होतं, एंझाइम एका साच्यावरून दुसऱ्या साच्यावर उडी मारतो, फक्त दोन वेगळे आयसोलेट एकाच पेशीत हवेत. त्यामुळे मला स्वतःला दोन गट ही भाषा सोयीची वाटते पण पुरी वाटत नाही, मी तर प्रत्येक ओआरएफ वेगळा मोजून मग बोलतो.

आणि एक सावधगिरी. भाताच्या स्वतःच्या जीनोममध्ये आरटीबीव्हीसारखे जुने मोडके तुकडे बसलेले आहेत, २००४ मध्ये हे दाखवलं गेलं, कुठल्यातरी प्राचीन नातेवाईकाचे अवशेष. ते रोग करत नाहीत, पण प्रायमर अगदीच सैल निवडला तर निरोगी भातातही काहीतरी बँड येईल आणि तुम्ही खूश व्हाल. निरोगी झाडाचा डीएनए प्रत्येक वेळी शेजारी चालवा.

पानावरचा_डाग

जनुकवाचक, रिकॉम्बिनेशनचं बरोबर आहे, पण दोन गट पुरे नाहीत यावर मी अडतो. शेतातल्या कामासाठी तो फरक फार खरा आहे. तुम्ही झाड कसं काढता यावर वाद होईल पण ६४ अक्षरांची खाच एक तर आहे नाहीतर नाही. त्या खाचेच्या दोन बाजूंना, दोन्ही गटांत सारख्या जागी, प्रायमर ठेवले की आपल्याकडचा बँड तेवढ्याने आखूड येतो आणि घट्ट जेलवर डोळ्यांना दिसतो, सीक्वेन्सिंगचे पैसे नसलेल्या कॉलेजलाही जमतं.

जनुकवाचक_पुणे

हे मान्य. ओळखायला खाच, नातं सांगायला पूर्ण जीनोम. माझा आक्षेप फक्त खाचेवरून नातं सांगण्याला होता.

रोवणी_भंडारा

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, काकांचे तर विशेष. प्रायमर खरंच फिलिपिन्सच्या सीक्वेन्सवरचे होते, मी पेपर वाचला पण आयसोलेटचा देश बघितलाच नव्हता. आता अजून एक विचारते, परीक्षक नक्की विचारतील, या सगळ्या डायव्हर्सिटीचा शेतकऱ्याला काय उपयोग? मला माहितीये की उपयोग आहे पण बाबांना फोनवर सांगायला गेले तर मलाच नीट सांगता आलं नाही.

पानावरचा_डाग

बाबांना टीकेएम ६ ची गोष्ट सांगा. ही तमिळनाडूची जुनी जात, आरटीएसव्हीला दाद द्यायची नाही म्हणून प्रतिकाराच्या कामात वापरली. मग १९९५ च्या सुमारास फिलिपिन्सच्या मिंडानाओमधून आरटीएसव्हीचा एक प्रकार सापडला, व्हीटी६, तो टीकेएम ६ मध्ये खुशाल वाढला. जात तीच, रोगाचं नाव तेच, विषाणूचं नावही तेच, फक्त आतली काही अक्षरं वेगळी आणि प्रतिकार गेला. म्हणून कुठलीही जात टुंग्रोला प्रतिकारक असं लिहिलेलं दिसलं की विचारायचं, कुठल्या आयसोलेटवर तपासली? आणि तुडतुड्याला प्रतिकारक की विषाणूला? कारण पूर्वी प्रतिकारक म्हणून दिलेल्या बऱ्याच जाती खरं तर तुडतुड्याला नकोशा होत्या, काही हंगामांत तुडतुडे सरावले की पिवळेपणा परत.

विषाणूलाच अडवायचं तर इंडोनेशियाची उत्री मेराह ही जात महत्त्वाची. २०१० मध्ये कळलं की तिच्यातला आरटीएसव्हीचा प्रतिकार ईआयएफ४जी या जीनमधल्या छोट्या बदलाने येतो. हा जीन भाताला स्वतःची प्रोटीन्स बनवायला लागतो आणि विषाणूही तोच वापरतो. २०१८ मध्ये आयआर ६४ या जातीत क्रिस्परने (जीन हव्या त्या जागी बदलायच्या तंत्राने) त्याच जागी बदल करून आरटीएसव्हीला दाद न देणारी झाडं काढली. आणि पहिल्या उत्तरातलं आठवा, आरटीएसव्ही अडला की आरटीबीव्हीचे पाय गेले, म्हणजे सौम्य विषाणू अडवून जहाल विषाणूचा प्रवास थांबवता येतो.

आरटीबीव्हीवर आपल्याकडचं काम म्हणजे दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमधलं, २००८ मध्ये पुसा बासमती १ मध्ये विषाणूच्याच चौथ्या ओआरएफचा तुकडा उलट-सुलट घालून आरएनए इंटरफिअरन्सने (जुळणारा आरएनए ओळखून नष्ट करायच्या झाडाच्या स्वतःच्या पद्धतीने) विषाणूचं प्रमाण उतरवलं. आता विचार करा, ही पद्धत एकवीस-बावीस अक्षरांच्या जुळणीवर चालते. भारतीय आयसोलेटचा तुकडा घातलेलं झाड भारतीय विषाणूला ओळखेल, पण फिलिपिन्सचा विषाणू आला तर जुळणारे तुकडे खूपच कमी उरतील. तुमच्या पीसीआरला बँड आला नाही त्याच्यामागेही तेच कारण.

बांधावरचे_काका

बाबांना एवढंही सांग की जात कुठलीही असो, कापणीनंतर धसकटं उभी ठेवून त्यातून फुटलेला भात वाढू देऊ नये, विषाणू आणि तुडतुडे दोन्ही तिथेच पुढच्या लावणीपर्यंत तग धरतात. तुडतुड्याच्या पिल्लांत हा विषाणू आईकडून येत नाही, आणि कात टाकली की तुडतुडा परत कोरा होतो, प्रत्येक वेळी त्याला आजारी झाड शोधावंच लागतं. म्हणून गावाने मिळून एकाच पंधरवड्यात लावणी केली आणि मधे रान मोकळं ठेवलं तर त्याची साखळी तुटते. एकट्याने करून भागत नाही.

रोवणी_भंडारा

अपडेट देते, सतरा दिवस झाले. पहाटे परत त्या शेतात गेले, शेतकरी अण्णांनीच टॉर्च धरला, काकांनी सांगितलं तशी आयोडीनची चाचणी केली. आधीच्या सात चुडांपैकी पाच अजून उभे होते, त्यातल्या चारांवर निळ्या रेघा, एकावर नाही. नवीन प्रायमरने त्या चारांत बँड आला, पाचव्यात नाही, निरोगी टीएन १ या जातीच्या भातातही नाही. खाचेच्या दोन बाजूंचे प्रायमर पण लावले, बँड आखूडच आला, म्हणजे आपल्याकडचाच गट. पाचव्या चुडाची मुळं बघितली तर काळी पडलेली, तो टुंग्रो नव्हताच.

आरटीएसव्हीचं सीडीएनए काल बनवलं, चारपैकी तिघांत तो पण आहे. चौथ्यात नुसता आरटीबीव्ही दिसतोय. तो एकटा तर तिथे येऊ शकत नाही ना? मग आरटीएसव्ही आला होता आणि आता इतका कमी आहे की सापडत नाही, की माझा आरएनएच खराब झाला? उद्या त्या चुडाच्या दुसऱ्या फुटव्यातून परत आरएनए काढतेय.

पानावरचा_डाग

बरोबर विचार करताय. तुडतुड्यामार्फतच आला असणार, म्हणजे तुडतुड्याकडे आरटीएसव्ही होता किंवा त्याने आधी कधीतरी तो घेतला होता, पण या झाडात आरटीएसव्ही उतरलाच असेल असं नाही, कधीकधी तुडतुडा फक्त आरटीबीव्हीच टोचून जातो. सगळ्यात वरचं नवीन पान घ्या, आणि आरएनएसाठीही भाताच्या जीनचा कंट्रोल लावा, तो आला तर आरएनए चांगला आहे. तो चूड उपटू नका, अण्णांना सांगून त्याला काठी लावून ठेवा.